ऊन पाण्याचे झरे, ओस पडलेल्या पेठा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते. साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि चार महिने दूरचा प्रवास टाळणारी कुटुंबेही बाहेर पडण्याचे बेत आखू लागतात. शिरूर-दौंड परिसरातील व्यापारी घरांचा प्रवास बहुधा तीर्थयात्रेचा किंवा सोयरिकीचा असतो. तथापि दुकानाला दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळालीच, तर याच परिसरातून निघणारी एक निराळी वाट चोखाळण्यासारखी आहे. या वाटेवर दोन प्रकारची ठिकाणे लागतात. एक, जिथे जमिनीच्या पोटातून गरम पाणी अखंड वर येते. आणि दुसरी, जिथे एकेकाळी गजबजलेली वस्ती कायमची निवली आहे.

ओस पडलेले गाव म्हटले की सर्वसाधारण प्रवाशाच्या मनात भुताखेतांच्या गोष्टी येतात. व्यापाऱ्याच्या नजरेला मात्र तेथे बंद झालेली एक खातेवही दिसायला हवी. पेठ का वसली, कोणाच्या बळावर वाढली, तिची जमा-खर्चाची बाजू कधी आणि का बिघडली, हे प्रश्न ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुकानाच्या गादीवर गेल्या त्यांनीच अधिक नेमकेपणाने विचारावेत.

घोड नदीकाठचे पहिले ओस गाव

या शोधाचा आरंभ घरापासूनच करता येतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे जीवन इतक्या तपशिलाने उलगडून दाखवणारी स्थळे फार थोडी आहेत.

इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास येथे वस्ती झाली आणि ती सुमारे नऊशे वर्षे नांदली. मातीच्या भिंतींची चौकोनी घरे, धान्य साठवण्याचे कणगे व बळदे, भांडी भाजण्याची भट्टी, तांब्याची हत्यारे, मण्यांच्या माळा असा सारा संसार मातीखालून निघाला. नदीचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट होता. त्या पाण्यावर प्रामुख्याने सातूचे पीक घेतले जाई. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. ते गावप्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाकडून आलेला धान्यरूपी वसूल साठत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. समुद्रातील शंखांच्या वस्तूही येथे मिळाल्या. समुद्र येथून सह्याद्रीपलीकडे असताना त्या वस्तू घोडेच्या काठी पोचल्या, याचा अर्थ तीन हजार वर्षांपूर्वीही या भागात देवघेव चालत होती.

इसवी सनपूर्व १००० नंतर चित्र पालटले. पाऊसमान घटत गेले आणि शेती बेभरवशाची झाली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढली. इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास लोक गाव सोडून गेले. येथे लढाईची राख नाही की महापुराचा थर नाही. गाव हळूहळू गरीब होत गेले आणि मग रिकामे झाले.

आज इनामगावला जाणाऱ्याला तेथे भव्य अवशेष दिसत नाहीत. शेतांमधली टेकाडे आणि नदीचे पात्र एवढेच दिसते. म्हणून आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संग्रहालय पाहावे आणि नंतर इनामगावच्या पांढरीवर उभे राहावे. हा क्रम पाळला तर लहान मुलांनाही पायाखालची माती बोलकी वाटते.

वेड पांघरून पेडगावला

दौंडहून भीमा ओलांडून तासाभराच्या आत पेडगावी पोचता येते. गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या उत्तर तीरावर आहे. पैलतीरावर दौंड तालुका. येथील भुईकोट किल्ला बहादूरगड या नावाने इतिहासात गाजला. औरंगजेबाचा सरदार बहादूरखान कोकलताश याने आपली छावणी येथे वसवली आणि किल्ल्याला त्याचे नाव मिळाले. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात.

राज्याभिषेकानंतर लगेचच, १६७४ साली, मराठ्यांनी ही छावणी लुटली. एका तुकडीने हूल देऊन मोगल फौजेला दूर खेचून नेले आणि दुसऱ्या तुकडीने मागे राहिलेल्या छावणीवर हात मारला, असे सांगितले जाते. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण याच हकिकतीशी जोडली जाते. मराठी घरांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या म्हणीचे गाव आपल्या तालुक्याच्या सीमेवर आहे, याचे अनेकांना नवल वाटते.

किल्ल्याच्या तटाआड आज झाडोरा माजलेला दिसतो. त्यातच यादवकालीन घडणीचे लक्ष्मीनारायण मंदिर उभे आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यासाठी निवांत वेळ हाती ठेवावा. मल्लिकार्जुन, रामेश्वर, बाळेश्वर, भैरवनाथ अशी आणखीही मंदिरे येथे आहेत. काही पडकी, काही नांदती. नदीच्या बाजूस पाणी उचलण्याच्या मोटेचे जुने बांधकाम दिसते; हत्तीच्या बळावर ही मोट चाले, अशी तिची ख्याती आहे. केवढी मोठी छावणी येथे पोसली जात असेल, याचा अंदाज त्या मोटेवरून येतो.

पेडगावचे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो, तो १६८९ सालामुळे. त्या वर्षी १ फेब्रुवारीला कोकणातील संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. त्यांना येथे बहादूरगडावर औरंगजेबासमोर आणण्यात आले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. म्हणजे या इतिहासाची एक कडी कोकणात, दुसरी दौंडच्या पैलतीरावर आणि तिसरी शिरूर तालुक्यात आहे. ज्या संगमेश्वराजवळ ही कथा सुरू होते, त्याच परिसरात महाराष्ट्रातील नामांकित उष्ण झरे आहेत.

छावणीच्या पेठेचे आयुष्य छावणीइतकेच असते, हे पेडगाव शिकवते. सैन्याला धान्य, कापड, चारा पुरवणारे बाजार एका रात्रीत उभे राहतात आणि सैन्य हलले की तितक्याच वेगाने ओसरतात.

भिगवणच्या पुढे, इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे या यादीतले सर्वांत अलीकडचे गाव. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे लोक नव्या जागी वसले. जुने मंदिर मात्र जलाशयातच राहिले. उन्हाळ्यात पाणी पुरेसे ओसरले की ते उघडे पडते. ज्यांचे बालपण त्या गल्ल्यांत गेले, अशी माणसे अजून हयात आहेत. त्यामुळे येथे कुतूहलाने जाणाऱ्याने थोडा संकोचही बरोबर न्यावा.

छावणी, रूळ आणि चोपड्या

आता प्रश्न उरतो तो शिरूर व दौंड या जित्याजागत्या गावांचा. त्यांचाही जमाखर्च पाहण्याजोगा आहे.

शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. छावणीचा अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली वारला. त्याच्या थडग्याला परिसरातील लोक ‘सत्पुरुष’ म्हणून मान देत आणि नव्या पिकातील धान्य वाहत. परक्या अधिकाऱ्याला मिळालेला हा मान विलक्षणच. छावणीच्या आश्रयाने आणि पुणे-अहमदनगर रस्त्याच्या आधाराने शिरूरची पेठ वाढली. दौंडची गोष्ट निराळी. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील हे साधे गाव; १८७८ साली मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. एका गावाला छावणीने मोठे केले, दुसऱ्याला रुळांनी. छावणी गेली तरी शिरूर टिकले, कारण रस्ता राहिला. गावात आजही रेल्वे नाही. पण रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने तालुक्याला नवा आधार दिला. दौंड तालुक्यात तेच काम कुरकुंभने केले.

तथापि पेठ केवळ रस्त्यावर जगत नाही. भोवतालच्या गावांच्या विश्वासावर जगते. या मातीने तेही अनुभवले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. शेतकरी कर्जात रुतले आणि जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचे कोणी काम करायचे नाही, त्याची सेवा-चाकरी करायची नाही, असा ठराव झाला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजाराच्या दिवशी दंगल उसळली आणि ती शिरूर, भीमथडी, इंदापूर या भागांत पसरली. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि चोपड्या यांची होळी करणे हा त्यांचा हेतू असल्याचे पुढे सरकारी चौकशीतही नोंदले गेले. १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

ज्यांच्या चोपड्या जळाल्या त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार मोठ्या संख्येने होते. ही आठवण व्यापारी घरांत फारशी काढली जात नाही. काढली तर दोन्ही बाजू ध्यानात घेऊन काढावी. सारावाढ सरकारने केली, भाव परदेशात पडले. हे सावकाराच्या हातात नव्हते. परंतु व्याजाचा दर आणि रोख्यातील मजकूर त्याच्या हातात होता. त्यानंतरही शिरूर-दौंडच्या पेठा ओस पडल्या नाहीत, याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल ज्यांनी जळालेल्या रोख्याच्या जागी पुन्हा शब्दाचा व्यवहार उभा केला: दुष्काळी वर्षी उधारी थांबवणारे दुकानदार आणि सुगी होताच ती आपणहून फेडणारे शेतकरी. इनामगाव पावसाअभावी रिते झाले, पेडगाव छावणीअभावी. विश्वासाअभावी रिकामे होणारे गाव शिरूर-दौंडच्या नशिबी आले नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

सह्याद्रीपलीकडचे ऊन पाणी

देशावरचा हा फेरा एका दिवसाचा. ऊन पाण्यासाठी मात्र घाट उतरावा लागतो. पालघर-ठाण्यापासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत, कोकणपट्टीच्या सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीवर उष्ण झऱ्यांची जणू एक माळच ओवलेली आहे. उत्तरेस वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली. रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे आणि महाडजवळ सावित्रीकाठचे सव. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या नावांतच ‘ऊन’ म्हणजे गरम पाणी दडले आहे. कोकणाबाहेरही हे नाव आढळते: जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर.

कोकणात आज जागृत ज्वालामुखी नाही. मग पाणी तापते कसे? महाराष्ट्राचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनला, परंतु त्या लाव्ह्याची उष्णता केव्हाच निवून गेली. उष्ण झऱ्यांचे कारण खोलीत आहे. जमिनीत जसजसे खाली जावे तसतसे तापमान वाढते. साधारणतः दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. सह्याद्री आणि समुद्र यांमधील पट्ट्यात कातळाला लांबच लांब भेगा आहेत. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोलवर झिरपते, तेथे तापते, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून इतक्या वेगाने वर येते की वाटेत निवायला त्याला पुरेसा अवधी मिळत नाही. वर येताना खडकातील क्षार ते सोबत आणते; म्हणून त्याची चव मचूळ-खारट लागते आणि काही ठिकाणी गंधकाचा वास येतो. आज अंगावर घेतलेले पाणी फार जुन्या पावसाचे असू शकते, हा विचार मुलांना सांगण्यासारखा आहे.

सर्वच कुंडे स्नानायोग्य नसतात. उन्हवऱ्याचे पाणी कोकणात सर्वांत तप्त, जवळजवळ ७० अंशांपर्यंत जाणारे. तुरळचे पाणीही ६० अंशांच्या आसपास असते. तेथे उगमापाशी हात घालणे धोक्याचे. उन्हेरे, सव आणि राजापूरचे उन्हाळे येथील पाणी त्या मानाने सोसवणारे. शिरूर-दौंडहून पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला उन्हेरे सर्वांत सोयीचे. पुणे, खोपोली, पाली असा रस्ता. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराच्या पालीपासून उन्हेरे अगदी जवळ. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळी, बंदिस्त कुंडे असल्याने कुटुंबासह जाण्यास अडचण येत नाही.

वैद्यकीय पथ्य थोडे, पण पाळण्याचे. गरम कुंडात एका वेळी दहा मिनिटांहून अधिक बसू नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय उतरू नये. डोके पाण्याखाली घालू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट-उष्ण साठलेल्या पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. त्वचारोग बरे होतात अशी या झऱ्यांची ख्याती आहे; गरम क्षारयुक्त पाण्याने सांधे मोकळे होतात व बरे वाटते, हेही खरे. पण म्हणून चालू औषध बंद करू नये.

श्रावकाची जयणा

जैन कुटुंबाला या झऱ्यांपाशी आणखी एक प्रश्न पडतो. घरात पाणी गाळून, उकळून वापरण्याचा परिपाठ असतो. मग निसर्गानेच तापवलेले पाणी अचित्त मानावे काय?

हा प्रश्न आजचा नाही. राजगृहाबाहेर वैभार पर्वताच्या पायथ्याशी उष्ण पाण्याचा झरा होता. आजही राजगीरला जाणारे यात्रेकरू तेथील ऊन पाण्याची कुंडे पाहतात. भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकाच्या पाचव्या उद्देशकात याच झऱ्याविषयी गौतमस्वामींनी भगवान महावीरांना विचारले आहे. अन्य मतांचे लोक त्याला डोंगराखालचा अफाट डोह मानतात, हे खरे काय, असा प्रश्न. भगवंतांनी ते मत नाकारले आणि तो महातपोपतीरप्रभव नावाचा झरा असल्याचे सांगितले. उष्णयोनिक जीव व पुद्गल तेथे पाणीरूपाने उपजतात आणि लय पावतात, असा त्या उत्तराचा आशय आहे. म्हणजे चुलीवर उकळलेले पाणी आणि भूमीतून उष्णच उपजलेले पाणी एक नव्हे. दुसऱ्यात उष्णता हीच जीवांची योनी आहे.

यातून झऱ्यावर जाऊच नये असे निघत नाही. कसे जावे ते निघते. कुंडात डुंबण्याऐवजी तांब्याने बेतानेच पाणी घेऊन अंगावर घ्यावे. साबण, शिकेकाई, तेल कुंडात जाऊ देऊ नये. कपडे धुऊ नयेत. पिण्यासाठी घरचे उकळलेले पाणी सोबत ठेवावे. मौजेपोटी निष्कारण होणाऱ्या हिंसेला अनर्थदंड म्हणतात आणि श्रावकाच्या बारा व्रतांत त्यापासून दूर राहण्याचे व्रत आहे. दिशांची मर्यादा आखून घेण्याचेही आहे. मर्यादा ठरवून केलेला प्रवास हा प्रवासाचा संकोच नसून त्याला आलेली शिस्त होय. ज्यांना अधिक शंका असतील त्यांनी निघण्यापूर्वी स्थानकात किंवा उपाश्रयात महाराजसाहेबांना विचारावे.

चौल: दोन हजार वर्षांची खातेवही

उन्हेऱ्याहून रोह्यामार्गे रेवदंड्यास येता येते आणि तेथे या प्रवासातील सर्वांत मोठी ओस पेठ समोर येते: चौल. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे लोक आपल्या गावाचे नाव ‘चेमुल’ असे सांगतात, ते हेच. ग्रीक दर्यावर्द्यांच्या लिखाणातही हे बंदर येते. इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल्-मसूदी येथे आला. त्या वेळी शिलाहार राजांचा अंमल होता आणि अरबी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती येथे नांदत होती. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन भारतात प्रथम उतरला तो चौललाच. पुढे हे अहमदनगरच्या निजामशाहीचे प्रमुख बंदर झाले. घोडे उतरत, रेशमी व सुती कापड चढे, आणि माल घाटमार्गाने देशावर जाई. पोर्तुगीज कागदपत्रांत येथील वाणी व्यापाऱ्यांचे उल्लेख येतात.

१५२१ च्या सुमारास पोर्तुगिजांनी निजामशाहीच्या संमतीने रेवदंड्यास वखार व कोट उभारला. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने घातलेला वेढा त्यांनी परतवला. १७४० साली हे ठाणे मराठ्यांकडे आले. परंतु तोवर बाजाराची दिशा बदलली होती. सतराव्या शतकातच चौलचे रेशीम विणकर मुंबईत जाऊन वसू लागले होते. सुरत आणि पाठोपाठ मुंबई वाढली, खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली. दोन हजार वर्षे चाललेले खाते शंभर-दीडशे वर्षांत मिटले.

आज रेवदंड्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या सावलीत चर्चच्या छपरावाचून उभ्या भिंती. सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा अजून उभा आहे, त्याचे वरचे मजले मात्र ढासळले आहेत. चौलमध्ये जुन्या हमामखान्याचे अवशेष दिसतात. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज व मराठी यांच्या संयोगातून घडलेली बोली बोलली जाते. पेठ गेली, सत्ता गेली. भाषा एका लहानशा गावात राहिली.

जपणे म्हणजे काय

ओस गावे जपण्याच्या जगात निरनिराळ्या रीती आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बोडी हे सोन्याच्या खाणीचे गाव ओस पडले. १९६२ पासून ते सरकारने उद्यान म्हणून राखले आहे. तेथे घरे नव्याने सजवत नाहीत आणि पडूही देत नाहीत. ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत आधार देऊन ठेवतात. राजस्थानात जैसलमेरजवळचे लोद्रवा हे दुसरे उदाहरण. भाटी राजांची ही जुनी राजधानी. ११५६ मध्ये रावळ जैसलने जैसलमेर वसवले आणि लोद्रव्याचे वैभव लयाला गेले. नगर नाहीसे झाले, पण तेथील पार्श्वनाथ मंदिराचा सतराव्या शतकात थाहरू शाह या श्रेष्ठीने जीर्णोद्धार केला आणि आजही यात्रेकरू तेथे येतात. राजाने सोडलेली जागा एका व्यापाऱ्याने राखली.

शिरूर-दौंडच्या घरांना हे उदाहरण दूरचे नाही. जुन्या पेठेतील वाड्यांना कुलपे लागत आहेत. मुले पुण्यात शिकतात, तेथेच स्थिरावतात. वाडा विकण्याचा दिवस येतो तेव्हा माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या बहुधा रद्दीत जातात. १८७५ साली ज्या चोपड्या लोकांनी रागाने जाळल्या, तशाच चोपड्या आज कोणताही राग नसताना नाहीशा होत आहेत. त्यांत केवळ येणे-देणे नसते. धान्याचे भाव, दुष्काळाची वर्षे, पांजरापोळ आणि धर्मादायाच्या रकमा, मूळ गावाहून आलेल्या माणसांची नावे, हे सारे त्यांत असते. मोडी किंवा महाजनी अक्षर घरात कोणाला वाचता येत नसेल, तर विकण्यापूर्वी पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावीत. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुन्या कागदपत्रांचे हेच काम करीत आले आहे.

प्रवासाची आखणी

मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत योग्य. पहिल्या दिवशी इनामगाव आणि पेडगाव पाहून घरी परतता येते. पळसदेवचे मंदिर पाहायचे असेल तर तो फेरा उन्हाळ्यावर टाकावा. कोकणासाठी तीन दिवस हवेत: पहाटे निघून दुपारपर्यंत उन्हेरे, मुक्काम पाली किंवा अलिबाग परिसरात, दुसरा दिवस पूर्णपणे रेवदंडा, चौल व कोर्लईसाठी, तिसऱ्या दिवशी परत. ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस असतील त्यांनी महाडजवळचे सव पाहत संगमेश्वरला जावे. तेथील कसब्यात कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि आरवली, तुरळ, राजवाडीचे झरे त्याच टापूत आहेत.

थंडीत दिवस लवकर मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळच्या जेवणाची वेळ धरूनच अंतरे ठरवावीत. किनाऱ्यावरच्या खाणावळींत मासळीचे पदार्थ सर्वत्र असतात आणि कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक आधी सांगितल्यावाचून मिळत नाही. म्हणून खाकरे, दशम्या, मेथीचे ठेपले, सुके मूग आणि उकळलेल्या पाण्याची सोय घरूनच केलेली बरी. तटांवर आणि मंदिरांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत. वीट, दगड, खापराचा तुकडाही उचलून आणू नये. न दिलेले न घेणे हे व्रत खापरालाही लागू आहे.

मुलांना या प्रवासात एक काम द्यावे. प्रत्येक ओस गावापाशी त्यांनी वहीत दोनच ओळी लिहाव्यात: हे गाव कशामुळे जगले, आणि कशामुळे थांबले. घरी परतल्यावर त्याच वहीत तिसरे गाव म्हणून स्वतःच्या गावाचे नाव घालावे आणि पहिली ओळ आजोबांना विचारून भरावी. दुसरी ओळ कोरी ठेवायची की नाही, हे त्या मुलांच्याच हाती आहे.